लाभ, दोन, तीन

मला शाळेत घालणं आमच्या घराला कायद्यानं बंधनकारक आहे, असं आम्ही तीन महिने समजत होतो. त्या तीन महिन्यांत माझ्या बापानं कायद्याशी जी झुंज घेतली तिच्यात शेवटी कोण जिंकलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण झुंज झाली खरी, आणि ती माझ्या अंगावरच झाली.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. त्यामुळे सरकारी कागद कधी मराठीत यायचा, कधी हिंदीत, आणि बाबा दोन्हींवर सारखेच चिडायचे. सरकार बदलून पाच-सात वर्षं झाली होती. इंग्रज गेले हे बाबांना मान्य होतं, पण त्यांच्या जागी दुसरं कुणी यायची काय गरज होती, हे त्यांना कधी पटलं नाही.

बाबांची धानाची शेती थोडकी होती. गावात मान होता तो त्यांच्या कुडोमुळे. कुडो म्हणजे धान मोजायचं माप, आणि वीस कुडो झाले की एक खंडी. ज्याच्या खळ्यावर रास लागायची तो मोजायला बाबांना बोलवायचा. बाबा राशीसमोर उकिडवे बसायचे, डोक्याचा शेला सरळ करायचे आणि पहिला कुडो ओतताना ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की रास एकावरच राहते, अशी आमच्याकडे समजूत. वीस झाले की एक मूठ धान बाजूला काढून ठेवायचे, ती मूठ म्हणजे एक खंडी झाल्याची खूण, आणि पुन्हा लाभपासून सुरुवात. एकवीस या आकड्याचं तोंड आमच्या खळ्यावर कुणी पाहिलं नव्हतं.

मी चालायला लागल्यापासून बाबांच्या शेजारी बसून हे बघत आले. मुठी राखायचं काम माझं होतं. कोंबडी मुठीजवळ आली की तिला हाकलायची, कारण कोंबडीनं मूठ खाल्ली की मालकाची अख्खी खंडी गेली.

भांडण लागलं ते आमच्या खळ्यावरच. गावात नवे गुरुजी आले होते, भंडाऱ्याकडचे, तरुण, तोंडाळ. ते घरासाठी अर्धी खंडी धान घ्यायला आले. बाबांनी पहिला कुडो ओतला आणि म्हटलं, "लाभ."

"एक म्हणा हो," गुरुजी म्हणाले. "मी दिवसभर पोरांना एक-दोन घोकवतो, आणि तुम्ही मोठी माणसं लाभ काय लाभ! म्हणा, एक."

बाबांनी ओतलेलं धान दोन्ही हातांनी पुन्हा राशीत लोटलं, कुडो पालथा घातला आणि उठले.

"गुरुजी, तुमी बजारातून आना धान," ते म्हणाले. "आमच्या राशीले तुमचा एक नोको."

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "माही पोरगी या मानसाच्या हाताखाली शिकनार नाई." माय चुलीपाशी होती. तिनं मान वर करून फक्त एवढंच विचारलं, "तिले पाठवून कोन राहिलं?" खरंच होतं ते. गावातली एकही मुलगी शाळेत जात नव्हती. ही शपथ बाबांना कुणी मागितलेलीच नव्हती.

मला मात्र शाळेत जायचं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू. शाळेच्या आवारात कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, छोट्या गाडीच्या लोहमार्गाचा, हातभर लांब. शाळा भरताना आणि सुटताना तो लोखंडी खिळ्यानं बडवायचे. जो पोरगा सकाळी सगळ्यांत आधी येईल त्याला बडवायला मिळायचं. तो आवाज आमच्या बांधापर्यंत यायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे नीट बडवत नाहीत, हात हलका पडतोय. मी आठ वर्षांची होते आणि मला तो रूळ बडवायचा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गुरुजी हातात वही घेऊन घरोघर फिरले आणि मुलांची नावं लिहून घेऊन गेले. आमच्या दारापुढे थांबले, आत आले नाहीत, माझ्याकडे बघून काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. महिन्याभरानं कोतवाल एक छापील कागद देऊन गेला. आपला पाल्य, वय आठ, शाळेत हजर नाही, आठ दिवसांत दाखल करावा, न केल्यास दंड. गाळलेल्या जागी माझं नाव होतं, गुरुजींच्या अक्षरात.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजू वाचल्यासारखी बघितली. "पोरगी माही, आन दाखल करनारं सरकार कोन?" ते ओरडले. शेजारचे दोघे-तिघे जमले. बाबांनी त्यांनाही ओरडून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी जुंपून गोंदियाला गेले. मलाही नेलं, पुरावा म्हणून. कचेरीबाहेर झाडाखाली एक अर्ज लिहिणारा म्हातारा बसायचा. त्यानं चष्मा पुसला, कागद वाचला आणि पानाची पिंक टाकून बाबांना समजावलं की कायद्यातून सुटायला तीनच वाटा आहेत.

"लड़की बीमार है?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या चाकावर चढून उडी मारत होते. "नाई," ते म्हणाले.

"स्कूल घर से मील भर दूर है?"

"दारातून थुकलो तं शाळेच्या भितीवर पडन."

"तो फिर एक ही रास्ता है," म्हातारा म्हणाला. "लिख देता हूँ कि घर में पढ़ाते हो. संतोषजनक शिक्षा. साहब जाँच करने आएगा, संतोष हो गया तो छुट्टी."

बाबांना हे फार आवडलं. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं की घरी काय काय शिकवावं लागतं. म्हाताऱ्यानं बोटांवर मोजत भाषा, गणित, इतिहास, भूगोल असं सांगितलं. बाबा म्हणाले, "लिहा. सगळंच शिकवतो." अर्जात ‘मेरी लड़की’ असं ठळक अक्षरात होतं. ते दोन शब्द कचेरीत कुणी वाचले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

परतीच्या वाटेवर बाबा खुशीत गात होते. मी मागे बसून रडत होते. त्यांना वाटलं, मला ऊन लागलं.

अशी आमची घरची शाळा सुरू झाली. बाबा स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. पुस्तक घरात एकही नव्हतं, पण बाबा बिड्या ओढायचे आणि बिडीच्या कट्ट्यावर, म्हणजे बंडलावर, छापील कागद असायचा. त्यांनी गावभर फिरून निरनिराळे कागद जमवले, मायच्या लुगड्याच्या दोऱ्यानं शिवले आणि त्याचं पुस्तक केलं. मी वाचायला शिकले ती ‘नकली माल से सावधान’ या वाक्यावर. दुसरा धडा कारखान्याच्या पत्त्याचा होता. इतिहास म्हणजे कुणी कुणाचा बांध कधी कोरला आणि त्यावरून कुणाचं डोकं कधी फुटलं. हा इतिहास मला आजही पाठ आहे आणि मी नंतर पुस्तकात जो शिकले त्याच्यापेक्षा तो फारसा निराळा नव्हता. भूगोल म्हणजे बोडीचं, गावच्या लहान तळ्याचं, पाणी कुठल्या पाटानं कुणाच्या शेतात जातं.

पाटी नव्हती. बाबा महाशिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेत पाटी आणायला म्हणून गेले आणि बैलासाठी घुंगुरमाळ घेऊन आले. "पाटीपक्षा भित मोठी," ते म्हणाले. मग मी कोळशानं भिंतीवर लिहू लागले. आतल्या खोलीच्या चारही भिंती मी लिहून काळ्या केल्या, हात पोचेल तिथपर्यंत. माय दर आठ दिवसांनी बडबड करत पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवायची आणि माझं सगळं शिक्षण पुसून टाकायची. मी पुन्हा लिहायची. खरं सांगायचं तर अक्षर चांगलं झालं ते त्यामुळेच.

आणि मला हेही सांगितलं पाहिजे की बाबा चांगलं शिकवायचे. शेतातून दमून यायचे, पाय धुवायचे आणि खाटेवर न टेकता आधी मला समोर बसवायचे. मी चुकले तर गुरुजींना शिव्या द्यायचे, मला नाही. मला ते आवडायला लागलं होतं. पण सकाळी तिकडे रूळ वाजला की माझं मन लगेच फितूर व्हायचं.

मी एक बेत केला. साहेब तपासणीला येणार, तेव्हा तोंड उघडायचं नाही. काहीही विचारू देत, मुकाट बसायचं. साहेबाचा संतोष होणार नाही, आणि मग कायदा मला धरून शाळेत नेईल. बाबांची फजिती होईल हे मला कळत होतं. त्याचं वाईटही वाटत होतं. तरी बेत पक्का होता.

साहेब सायकलवर आला, डोक्याला रुमाल बांधून, घामाघूम. जबलपूरकडचा माणूस, सगळं हिंदीतून. सोबत गुरुजी चालत आले, आणि पहिल्यांदाच आमच्या घरात शिरले. बाबांनी साहेबासाठी खाट टाकली आणि गुरुजींसाठी काही टाकलं नाही. गुरुजी खांबाला टेकून उभे राहिले.

"कापी-किताब दिखाओ," साहेब म्हणाला.

बाबांनी ऐटीत आतल्या खोलीचं दार उघडलं. "हे पाहा साहेब, चार भिती भरून लिवलं हाय पोरीनं."

आत चारही भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. अजून ओल्या होत्या, मातीचा वास येत होता. कोपऱ्यात रांगोळीसुद्धा होती. माय दाराशी उभी होती, पदर खोचलेला, आणि तिच्या तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं.

"काऊन पोतलं तू?" बाबा मायकडे वळले.

"घरी साहेब येनार, आन मी कोळशानं बरबटलेल्या भिती दाखवू?" माय म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

साहेबानं कोरी भिंत बघून मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला दोन प्रश्न विचारले. मी बेतानुसार गप्प बसले. बाबा घाईघाईनं फळीवरून ते शिवलेलं पुस्तक काढून घेऊन आले. साहेबानं ते बोटांच्या चिमटीत धरून उलटंपालटं केलं आणि हसला.

"क्यों जी, लड़की को पढ़ना सिखाते हो कि बीड़ी पीना?"

सरकारला गावभर शिव्या घालणारा माझा बाप त्या सायकलवाल्यापुढे हात पुढे करून उभा होता, ते पुस्तक परत मिळेल म्हणून. माझं डोकं फिरलं. मी साहेबाच्या हातातून ते पुस्तक ओढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात वाचून काढलं, मराठी, हिंदी, पत्ता, किंमत, सगळं. ‘नकली माल से सावधान’ हे तर साहेबाच्या तोंडाकडे बघून म्हटलं. माझा सगळा बेत तिथेच बुडाला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

साहेब जरा दचकला. "अच्छा," तो म्हणाला. "सौ तक गिनती सुनाओ."

हे तर माझं घरचंच काम. मी बाबांसारखी उकिडवी बसले, अंगणातले खडे गोळा करून शेजारी ठेवले आणि सुरू केलं, "लाभ, दोन, तीन, चार..." वीस झाले. एक खडा बाजूला ठेवला. "लाभ, दोन, तीन..." पुन्हा वीस, पुन्हा खडा. पाच खडे झाले, मी हात झटकले आणि साहेबाकडे बघितलं. एकही चूक नव्हती. बाबांची छाती फुगलेली मला दिसली.

साहेब कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "गिनती केवल बीस तक. एक भी नहीं आता, शुरू ही ग़लत करती है. असंतोषजनक."

मला कळेना की मी काय चुकले. बाबांना कळलं, पण लाभ हिंदीतून कसा समजवायचा ते सुचेना. खळ्यावर आम्ही दोघांनीही कधी दुसऱ्या तऱ्हेनं मोजलं नव्हतं. मग खांबाजवळून आवाज आला.

"साहेब, बरोबर आहे तिचं," गुरुजी म्हणाले. "लाभ म्हणजे एक. इकडे पहिल्याला लाभ म्हणतात. वीस झाले की खूण ठेवून पुन्हा सुरू करतात. पाच खडे, पाच विसे, शंभर. माझ्या शाळेतल्या तिसरीच्या पोरांना असं बिनचूक येत नाही."

बाबांनी मान वळवून गुरुजींकडे बघितलं. खळ्यावरच्या भांडणानंतर त्यांनी गुरुजींचं तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

साहेब वैतागला. त्यानं लिहिलेलं खोडलं, नवा छापील कागद काढला, आणि माझं नाव मोठ्यानं विचारलं. बाबांनी सांगितलं. साहेबानं माझ्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. पिशवीतून एक जाड चोपडी काढली, बोट फिरवत फिरवत एका ओळीशी थांबला.

"अरे, ये तो लड़की है," तो म्हणाला. तासभर समोर बसलेल्या मला बघून. "आपके इलाक़े में क़ानून सिर्फ़ लड़कों पर लागू है. लड़की पढ़े न पढ़े, सरकार को कोई मतलब नहीं. सूची में नाम किसने लिखा?"

"मी लिहिलं," गुरुजी म्हणाले.

"आपको मालूम नहीं था?"

"होतं मालूम. पण साहेब, नुसतं सांगून मुलगी कुणी पाठवत नाही. म्हटलं, तुमचा कागद आला तर निदान भांडतील तरी."

साहेबानं यादीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली. मायनं आणलेला चहा बशीत ओतून प्याला आणि सायकलवर बसून निघून गेला. गुरुजीही त्याच्यामागे गेले. बाबा जिंकले होते. दंड नाही, शाळा नाही, कायद्यातून कायमची सुटका.

मी गोठ्यामागे जाऊन बसले. पोरांना सरकार घरातून ओढून नेत होतं, त्यांच्या बापांना दंडाची भीती घालत होतं. ती पोरं पळून झाडावर चढायची, तरी सरकार सोडत नव्हतं. आणि मी चार भिंती लिहून काढल्या, शंभर बिनचूक मोजले, तर माझ्यावर रेघ. माझ्यावाचून सरकारचं काही अडत नव्हतं. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि खरं म्हणजे त्यानंतरही फारसा आला नाही. मी रडले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रडताना तोंडातून निघून गेलं की मला शाळेत जायचं होतं, पहिल्यापासून जायचं होतं.

बाबा ऐकत होते. दुपारभर ते ओसरीवर बसून राहिले, बिडीवर बिडी ओढत. मग एकदम मायवर ओरडले, जणू रेघ तिनंच मारली होती.

"पोरगी शिकली नाई तं सरकारले काई मतलब नाई म्हंते!"

"तुमीच तं म्हनत होता, पाठवनार नाई," माय म्हणाली.

"मी बाप हावो, मी म्हनीन. सरकार कोन होते म्हननारं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि इतक्या लवकर निघाले की शाळेत कुणीच आलं नव्हतं. गुरुजी ओट्यावर दात घासत होते. बाबांनी त्यांना चूळही भरू दिली नाही.

"घ्या लिवून हिचं नाव," ते म्हणाले. "सरकारच्या कायद्यात नाई तं नाई. माह्या कायद्यात हाय."

गुरुजींनी तोंड धुतलं, आत जाऊन हजेरीचा पट आणला. मुलांची नावं होती ती पानं उलटली, एक कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, ‘मुली’. मग खाली आकडा घालून शेजारी माझं नाव लिहिलं. लिहिताना त्यांनी बाबांकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं,

"लाभ."

बाबांनी डोक्याचा शेला सरळ केला आणि घरी गेले. मी तेवढ्यात खिळा शोधला आणि रूळ बडवला, गुरुजी ओरडेपर्यंत बडवला.

त्या पानावर दोन लिहायला गुरुजींना पुढे तीन वर्षं लागली.